एका बुटाची मालकी

९ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद, सौ.लाही.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून तो पाळते. हे पत्र मी एका बैठकीत आणि चष्मा न शोधता लिहीत आहे, एवढा पुरावा तूर्त पुरे. सौ.चा गुडघा कसा आहे? गॅरेज विकल्यानंतरही तू रोज सकाळी तिथे जाऊन नव्या मालकाला गाड्यांविषयी उपदेश करतोस, असे ती म्हणाली. त्या गृहस्थांच्या सहनशीलतेला माझा नमस्कार सांग.

फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहिते, असे तू विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरे करू देत नाहीस, हे एक कारण. शिवाय बोललेले हवेत विरते आणि लिहिलेले समोर राहते. ही कारणे पुरेशी आहेत. आणखी एखादे असलेच, तर ते त्याच्या जागी येईल.

तुझे म्हणणे मी समजले ते असे. मी हे घर बंद करून कायमचे तुमच्याकडे राहायला यावे. खालची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. मात्र मी येणार नसेन तर सौ.ला तिचा शिवणवर्ग त्या खोलीत हलवायचा आहे, म्हणून महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही कळवावे. हा प्रश्न तू पूर्वीही अनेकदा विचारला आहेस आणि मी नको म्हटले आहे. कारणे तुला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत. या खेपेस मात्र मी नको म्हटले नाही. विचार करते, म्हटले. त्यावर तू नेहमीचेच वाक्य बोललास: "ये गं, आणि येताना माझा बूट घेऊन ये." सौ. मागे हसल्याचे ऐकू आले. मी फोन ठेवला. तेव्हापासून मी त्या बुटाचाच विचार करीत आहे.

प्रसंग पुन्हा मांडते, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत हे निश्चित होईल. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तू चार. बाबा बोटीवर. दोन मुले एका घरात ठेवणे कोणालाच झेपण्यासारखे नव्हते, म्हणून काकांनी मला न्यायचे आणि मावशीने तुला, असे मोठ्या माणसांनी ठरवले. निघताना तू दाराच्या पायरीवर बसलास, एका पायातला बूट काढलास, माझ्या पिशवीत कोंबलास आणि म्हणालास, "हा तुझ्याकडे राहू दे. म्हणजे तुला परत यावं लागेल." मग मावशीचे बोट धरून, एक पाय अनवाणी, रस्ता ओलांडून गेलास.

त्यानंतर आपली भेट जवळजवळ नव्हतीच. मावशी गेली तेव्हा तिच्या घरी आपण दोघे जाणती माणसे म्हणून समोरासमोर बसलो, आणि बोलायला विषय सापडेना, तेव्हा मी हा प्रसंग तुला सांगितला. तू तो लग्नात सांगितलास, पुढे मुलांना सांगितलास, आणि आता तुझ्या घरात मला आत्या म्हणून कमी आणि बुटाची आत्या म्हणून जास्त ओळखतात.

गेल्या आठवड्यात वकीलबाई आल्या होत्या. कौटुंबिक दाव्यांत त्यांचे नाव होते आणि मी न्यायालयात दुभाषी होते, तेव्हापासूनची आमची ओळख आहे. आता दोघीही निवृत्त. त्या चहाला येतात आणि जुनी प्रकरणे उकरतात. बोलता बोलता त्यांनी मुलाच्या ताब्याच्या एका दाव्याची गोष्ट काढली. साक्षीदार म्हणून मुलाची आई उभी होती. तिला न्यायालयाची भाषा येत नव्हती, म्हणून मी तिच्या शेजारी. तिने सांगितले की सासरची माणसे मुलाला न्यायला आली तेव्हा तो पायरीवर बसला, त्याने एक बूट काढला आणि तिच्या पिशवीत कोंबला.

पुढचे वाक्य वकीलबाईंनी सांगायच्या आधी मी सांगितले. त्या म्हणाल्या, "बघा, तुम्हालाही लक्षात आहे. असणारच. त्या दिवशी तुम्ही पाणी मागितलं होतंत. सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच."

पाण्याचा ग्लास मला आठवतो. त्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता, तोही. ती बाई मात्र आठवत नाही.

तुला माझ्या कामाची रीत ठाऊक नाही. मी कधी सांगितली नाही आणि तू कधी विचारली नाहीस. साक्षीदार "मी" म्हणाला की दुभाष्याने "तो म्हणतो" असे म्हणायचे नसते. "मी"च म्हणायचे. चोराच्या वतीने मी चोरी केली आहे, नवऱ्याच्या वतीने बायको टाकली आहे, आणि दोन-चार खुनांची कबुलीही माझ्या तोंडून गेली आहे. संध्याकाळी घरी येऊन हात धुतले की ते सारे "मी" ज्याचे त्याला परत, अशी माझी समजूत होती. एक परत गेला नसावा, अशी शंका आता येते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मला तुझी साक्ष हवी आहे. तो प्रसंग तुला आठवतो का? मी सांगितलेला नव्हे. तुझा स्वतःचा.

तुला एक गंमत सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करून देणारा बसतो. परवा त्याच्याकडे घराची आणखी एक किल्ली करायला टाकली, तर तो हसून म्हणाला, "बाई, आता तुमच्या घराला दारं कमी आणि किल्ल्या जास्त झाल्या." मी त्याला म्हटले, दारांची संख्या वाढवणे हा तुझा धंदा नव्हे, तू किल्ली कर.

कळावे.

तुझी ताई


२२ जानेवारी

चि. खारूस आशीर्वाद.

तुझा फोन आला. पत्राला पत्राने उत्तर द्यावे हा साधा नियम तू पाळला नाहीस, तरी साक्ष दिलीस हे मान्य करते. तू म्हणालास, "आठवतं म्हणजे काय, अगं, काल झाल्यासारखं आठवतं. डावा पाय. फरशी गार होती. मोजा भिजला होता." वर असेही म्हणालास की वकीलबाई म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांच्या डोक्यात दोन फायली एकत्र झाल्या असतील.

ही साक्ष मी तपासली. तुला राग येईल; येऊ दे.

तुझ्या लग्नात तू हा प्रसंग सांगितलास तेव्हा मी पंगतीत होते. त्या वेळी पाय डावा की उजवा याचा उल्लेख नव्हता. थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा पाय डावा झाला. मोजा त्यानंतर आला आणि भिजला तो अगदी अलीकडे. काळ जाईल तसतसे ज्या साक्षीदाराला अधिकाधिक आठवू लागते, त्याच्याविषयी कोणतेही न्यायालय सावध होते. तो खोटे बोलतो असे नव्हे. बहुधा तो फार प्रामाणिक असतो. त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितलेली असते की सांगताना जे दिसले तेच घडताना दिसले होते, असे त्याला वाटू लागते.

आता माझी साक्ष. तीही मी तपासली, आणि तिला अधिक कठोर नियम लावले.

पहिली गोष्ट अशी की तो बूट कुठे आहे? मी काकांकडे वाढले, तिथून वसतिगृहात गेले, मग या घरात आले. आईचा कंगवा माझ्याकडे आहे. बाबांनी बोटीवरून पाठवलेला शिंपला आहे. जो बूट माझ्या पिशवीत पडला, तो कोणत्याच घरात, कोणत्याच पेटीत मी कधी पाहिलेला नाही. तो कुठे गेला हा प्रश्न मी इतक्या वर्षांत एकदाही स्वतःला विचारला नाही. उभा जन्म मी पुराव्याच्या सहवासात काढला, आणि घरातल्या एका वस्तूचा पुरावा मागायचे मला सुचले नाही. माणसाला जे हवे असते त्याची तो झडती घेत नाही.

दुसरी गोष्ट मला परवा दुपारी कळली. जेवण झाल्यावर मी डोळे मिटून खुर्चीत बसले आणि प्रसंग आपणहून येऊ दिला. त्याला हात लावला नाही. पायरी आली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला मुलगा आला. बूट आला. आणि मग त्याने ते वाक्य म्हटले.

ते आपल्या भाषेत नव्हते, खारू.

तू ते मला नेहमी आपल्या भाषेत म्हणून दाखवतोस, कारण मी तुला ते आपल्या भाषेत सांगितले. पण माझ्या कानात ते आहे त्या बाईच्या भाषेत. ती भाषा मी विशीत शिकले, आणि तिचा एक शब्दही तुला येत नाही. दिवसभर एका भाषेतून दुसरीत जाण्याची मला इतकी सवय होती की एखादे वाक्य कोणत्या भाषेत ऐकले हे मनात वेगळे उरतच नसे. त्यामुळे हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नाही. आता आले आहे. चार वर्षांच्या माझ्या भावाने आमच्या दारात मला मी अजून न शिकलेल्या भाषेत निरोप दिला, असे मानल्याखेरीज हा प्रसंग आपला ठरत नाही. तसे मानणे मला शक्य नाही.

तेव्हा बूट त्या बाईचा.

हे मी शांतपणे लिहीत आहे असे तुला वाटेल, आणि अक्षरावरून तसे दिसतही असेल. एवढे सांगते की हा निकाल उलटा लागावा म्हणून मी जितका युक्तिवाद केला, तितका कोणत्याही वकिलाला करताना पाहिले नाही. कारण बूट वजा केला तर तू चार वर्षांचा असतानाचे माझ्याकडे काही उरत नाही. तुझा त्या वेळचा चेहरा मला दिसतो, पण तो फोटोतला आहे. फोटोतल्यासारखा एका कानावर उजेड पडलेला. आवाज नाही. हाताचा स्पर्श नाही. संध्याकाळी या घरात बोलायला कोणी नसे तेव्हा मी तो प्रसंग काढून बसत असे. कोणीतरी मला परत यायला भाग पाडण्याची एवढी खटपट केली होती, हे माहीत असणे पुष्कळ होते. न गेले तरी पुष्कळ होते.

आता दुसरा विषय. सौ. फोनवर म्हणाली, "वन्सं, माझा गुडघा बरा आहे हो, तिसऱ्यांदा सांगते." तिने ते गमतीत म्हटले. मी डॉक्टरांकडे गेले ते त्यामुळे नव्हे. त्याच्या आधीपासून जायचे होते.

डॉक्टर तरुण आहेत आणि सभ्य आहेत. त्यांनी काही सुटे शब्द उच्चारले आणि परत म्हणायला सांगितले. मी ते म्हटले, उलट्या क्रमाने म्हटले आणि परभाषेतही म्हणून दाखवले. डॉक्टर हसले. लांबलचक वाक्य कानाने धरायचे, साक्षीदार थांबला की दुसऱ्या भाषेत सोडायचे आणि पुढच्यासाठी मोकळे व्हायचे, हाच माझा धंदा होता. त्यात मला कोणी हरवलेले नाही. मग त्यांनी माझ्या घराविषयी, जेवणाविषयी थोडे विचारले, खिडकीबाहेरच्या झाडाविषयी बोलले, आणि म्हणाले, "आता मघाचे शब्द सांगा."

मी विचारले, "कोणते शब्द?"

सुट्या, असंबद्ध शब्दांनी कोणाची परीक्षा घेणे मुळातच सदोष आहे, असे मी त्यांना म्हटले, आणि ते का सदोष आहे तेही सविस्तर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग मी एकटीने राहू नये, असे मत नोंदवले. मत म्हणजे निकाल नव्हे.

तुला एक गंमत सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करणारा बसतो. त्याच्याकडे घराची किल्ली करायला टाकली, तर तो मला विचारतो, "बाई, घर विकायला काढलंय की वाटायला?" मला फार हसू आले.

महिनाअखेर जवळ आली आहे हे मी विसरलेले नाही. परंतु ज्या नात्याच्या आधारावर तू मला बोलावतोस, त्याचा एकमेव पुरावा परक्याच्या घरातला निघाला. अशा स्थितीत मी कोणत्या हक्काने येऊ, हे तूच सांग. या खेपेस लिहून सांग.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

चि. खारूस,

तुझे पत्र मिळाले. गॅरेजच्या पावत्या लिहाव्यात तसे लिहिले आहेस. ओळी खाली उतरत गेल्या आहेत. मी ते इतक्यांदा वाचले आहे की यातले काही विसरण्याची सोय आता राहिलेली नाही. तरीही माझ्या उत्तराला आधार असावा म्हणून तुझेच शब्द इथे उतरवते.

"ताई, मला काही आठवत नाही. कधीच आठवत नव्हतं. मावशीनं मला ती जायच्या आधी सांगितलं होतं. त्या दिवशी तुला मुद्दाम शाळेत पाठवलं आणि तू यायच्या आत दुपारच्या गाडीनं मला नेलं. रडारड नको म्हणून. तू घरी आलीस तेव्हा मी गेलेलो होतो. मग तिच्याच घरी तू मला बुटाचं सांगितलंस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, हिला हे खरं वाटतंय, आणि मला तर हिचं काहीच नाही. म्हटलं, घेऊ. मोजा मी घातला, पोरांना आवडावा म्हणून. पण आता खरंच पाय गार पडतो, त्याला मी काय करू?"

आणि खाली, वेगळ्या शाईने: "हक्काचं विचारलंस. बुटासाठी बोलावत होतो का मी तुला?"

शेजारी सौ.चे अक्षर आहे: "वन्सं, बूट असो नसो, खोलीला रंग दिलाय. शिवणवर्ग हलवलेला नाही."

किल्लीवाल्याचा किस्सा मी दोन्ही पत्रांत लिहिला, दोन्ही वेळा "तुला एक गंमत सांगते" अशी सुरुवात करून, आणि दोन्हींत तो निरनिराळे बोलला, असेही तू कळवले आहेस. पहिल्यात तो हसतो आणि दुसऱ्यात मी. यावर माझा प्रतिवाद नाही. त्यातले कोणते वाक्य तो खरोखर बोलला हे मी सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही. कदाचित मी दोनदा गेले असेन. ड्रॉवरमध्ये किल्ल्या पुष्कळ आहेत.

मावशीच्या माहितीविषयी. तू तीसहून अधिक वर्षे ती माझ्यापासून लपवलीस. तुला दोष द्यावा की नाही हे मी ठरवू पाहिले, आणि ते मला ठरवता आले नाही. निरोप झालाच नव्हता, हे तुला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, कारण ज्या दिवशी निरोप व्हायचा त्या दिवशी मी शाळेत होते. जी गोष्ट घडली नाही ती आठवणार तरी कशी? माझ्याकडे त्या जागी काहीच नव्हते; आणि एके दिवशी, नोकरीत, भर न्यायालयात, एका परक्या बाईने माझ्या तोंडून स्वतःचा निरोप सांगितला. तो रिकाम्या जागेत येऊन बसला. इतका चपखल बसला की मी पाणी मागितले, आणि ते का मागितले हे मलाच कळले नाही.

तुझे पत्र आल्यापासून मला नवीन चित्रे दिसू लागली आहेत, त्यांविषयी तुला सावध करते. मी दप्तर घेऊन घरी येते. आत कोणी नाही. काका खुर्चीत बसलेले आहेत आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, हातपाय धुऊन घे. तुझी वाटी पालथी घातलेली आहे. ही चित्रे फार स्पष्ट आहेत आणि रोज अधिक स्पष्ट होत आहेत, म्हणून मी त्यांवर विश्वास ठेवत नाही. ती तुझ्या पत्रातून तयार होत आहेत. मोजा कसा तयार होतो हे आता मला कळले आहे. पण हेही नमूद करते की वाटी दिसते तेव्हा मी ती सुलटी करते.

आता मूळ प्रश्न.

गेल्या मंगळवारी वकीलबाई आल्या तेव्हा मी त्यांना सांगितले की मी भावाकडे कायमची राहायला जाणार आहे. हे मी विचार करून, तुझे पत्र समोर ठेवून ठरवले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. दुसऱ्याच दिवशी तू फोन केलास, आणि मी तुला नको म्हटले. नेहमीची कारणे दिली, घर, पुस्तके, सवयी, आणि शेवटी म्हणाले की मला कोणाच्या घरात अडगळ व्हायचे नाही. हे मला वकीलबाईंनी सांगितले, त्यांना सौ.ने. मला तो फोन आठवत नाही. वकीलबाई रागावल्या होत्या. "अहो, तुम्ही जाणार म्हणून मी रात्रभर निर्धास्त झोपले, आणि तुम्ही भावाला नको म्हणालात?"

यातून जे निष्पन्न होते ते असे. माझा नकार जुना आहे. तो मी इतक्या वर्षांत इतक्यांदा उच्चारला आहे की तो आता माझ्या विचाराने चालत नाही. प्रश्न आला की आपोआप बाहेर येतो, शब्द न शब्द तोच. माझा होकार नवा आहे. आणि माझ्याकडे आता नवे टिकत नाही. जे मला हवे आहे ते उद्या सकाळी माझ्याकडे नसेल, आणि जे मला नको आहे ते मात्र अखेरपर्यंत खडखडीत शाबूत राहील. तुझ्या प्रश्नाला मी रोज नव्याने उत्तर देत बसले तर दरवेळी चुकीचेच देईन, आणि तू ते माझेच उत्तर समजून मानशील, कारण तू माझे ऐकतोस. हा तुझा दुर्गुण आहे.

म्हणून पुढील गोष्टी मान्य कर.

फोनवर मला विचारू नकोस. फोनवर मी नको म्हणेन.

मला घ्यायला ये. एकटीने येण्याचा प्रयत्न मी करणार नाही. कोणत्या स्थानकावर उतरायचे हे मला गाडीत बसताना माहीत असेल. उतरताना असेलच असे मी म्हणू शकत नाही. हे एक वाक्य लिहायला मला दोन पत्रे लागली.

येशील तेव्हा हे पत्र बरोबर आण. मी ते माझ्या हस्ताक्षरातले आहे हे कबूल करीन, पण त्यातला मजकूर अमान्य करीन. तू माझ्याशी वाद घालू नकोस. वादात तू माझ्यापुढे टिकणार नाहीस, आणि टिकलास तर मला वाईट वाटेल. तू सरळ कपाटाशेजारची तपकिरी बॅग उचल. ती मी भरून ठेवली आहे. मी शब्दकोश घ्यायचे म्हणेन. एकच घे, पातळ असेल तो. मी दारात उभी राहून म्हणेन की मी तुमच्यावर भार होईन. त्यावर काही बोलू नकोस. माझा हात धर आणि चालू लाग.

तू विचारलेस की बुटासाठी बोलावत होतास का. नाही, हे मला कळले आहे. मग कशासाठी, हे मला कळलेले नाही. तुला माझे काही आठवत नाही आणि मला तुझे काही आठवत नाही. दोघांनी मिळून जे सांभाळले ते तिसऱ्याच कोणाचे निघाले. आधाराशिवाय केलेली मागणी फेटाळली जाते, हे मी उभा जन्म दोन भाषांत ऐकले आणि बोलले. तरीही ती करीत आहे. मला तुझ्या घरी राहायचे आहे. सकाळी तू त्या नव्या गॅरेजवाल्याला छळायला निघालास की तुला दारातून जाताना बघायचे आहे, आणि दुपारी तू परत आलास की बघायचे आहे. तेवढे रोज पाहिले तर त्यातले काहीतरी राहील, आणि नाही राहिले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसेल.

डॉक्टरांनी किती अवधी आहे ते सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. तू मात्र थंडी सरण्याची वाट पाहू नकोस.

या पत्रानंतर मी जो कोणता नकार देईन, तोंडी वा लेखी, तो ग्राह्य धरू नये. हे पत्र मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिले आहे.

ताई